औषध दवाखान्यात, उपचार घरात

डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य पुष्कळदा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही आणि घरात जे घडते ते डॉक्टरांच्या कानावर जात नाही. मधली ही वाट मोकळी झाली तर काय होऊ शकते?

साठी ओलांडलेल्या एका आजींना रक्तदाबाचा विकार असल्याचे निदान झाले. दवाखान्यात त्यांच्याबरोबर कॉलेजात जाणारा नातू होता. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितले, "मीठ कमी करा, गोळ्या चुकवू नका, महिन्याने दाखवायला या." आजींनी मान डोलावली. बाहेर बाकावर रुग्णांची रांग ताटकळत होती. पाच मिनिटांत पुढचे नाव पुकारले गेले.

घरी आल्यावर सुनेने विचारले, "काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही गं, थोडं बीपी आहे. गोळ्या दिल्यात," नातू चपला काढता काढता म्हणाला.

मिठाचा निरोप स्वयंपाकघरापर्यंत गेलाच नाही. ताटात लोणचे, पापड आणि शेंगदाण्याची चटणी पूर्वीसारखीच पडत राहिली. दोन महिन्यांनी आजींना बरे वाटू लागले. बरे वाटते आहे, तर मुलाच्या खिशाला उगाच भार कशाला, असा विचार करून त्यांनी गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली आणि पुढे ती सोडूनच दिली. गुडघे मात्र ठणकत होते. त्यासाठी शेजारणीने सुचवलेली वेदनाशामक गोळी मेडिकलच्या दुकानातून येऊ लागली. अशा काही गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. डॉक्टरांच्या केसपेपरवर तेवढे लिहिलेले होते, 'गोळ्या चालू.'

आणि एके दिवशी पहाटे आजींचे तोंड वाकडे झाले. उजवा हात उचलेना. शब्द ओठांवरच अडकले.

या गोष्टीत कुणी खोटे बोलले नाही, की कुणी जाणूनबुजून हयगयही केली नाही. डॉक्टरांनी योग्य औषध दिले, नातवाने आजीला नेले-आणले, सून दोन वेळा गरम जेवण वाढत होती आणि आजी तर मुलाचे पैसे वाचवत होत्या. प्रत्येकाने आपापल्या परीने चांगलेच केले. फक्त एकाचे दुसऱ्याला कळले नाही. असे घर शोधायला फार दूर जावे लागणार नाही. आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात अशी किती तरी घरे सापडतील.

दोन तासांचे डॉक्टर

थोडा साधा हिशेब मांडून पाहावा. वर्षाचे तास होतात ८,७६०. रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण दर महिन्याला न चुकता डॉक्टरांकडे गेला आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटे त्यांच्यासमोर बसला, तरी वर्षभरात डॉक्टरांच्या वाट्याला दोनच तास येतात. उरलेल्या ८,७५८ तासांत काय खायचे, किती चालायचे, गोळी घ्यायची की टाळायची, हे रुग्ण आणि त्याचे घर ठरवत असते. म्हणजे उपचाराचा मोठा भाग घरीच होतो, मग तसे कुणाच्या मनात असो वा नसो. तो माहिती घेऊन नीट होतो की अंदाजाने, एवढाच प्रश्न उरतो.

पूर्वी माणसे मुख्यतः साथीच्या रोगांनी आजारी पडत. आठ-पंधरा दिवसांत आजार इकडे तरी जाई नाही तर तिकडे. आता मधुमेह, रक्तदाब, दमा यांसारखे आजार एकदा आले की जन्मभर सोबत राहतात. अशा आजारात एकटा डॉक्टर पुरा पडत नाही. डॉक्टर, सिस्टर, औषध देणारा, घरोघर फिरणारी आरोग्यसेविका अशी मिळून एक तुकडी लागते, हे आता सगळीकडे मान्य झाले आहे. मात्र या तुकडीत रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना स्थान द्यायचे राहून जाते. त्यांच्याकडे फक्त सूचना ऐकून घेणारे म्हणून पाहिले जाते.

वास्तविक रुग्णाच्या माणसांना कामात सामील करून घेतले की काय घडते, हे आपल्याच देशात अनेकदा सिद्ध झालेले आहे.

बादली, मग आणि मीठ-साखरेचे पाणी

१९७१ साल. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये येत होते. सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले होते. छोट्या रुग्णालयात खाटा पुरेनात. माणसे जमिनीवरच पडलेली होती. शिरेतून द्यायच्या सलाईनचा साठा संपत आला होता आणि सलाईन लावता येणारी माणसे तर त्याहूनही कमी होती.

तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा एक धाडसी निर्णय घेतला. खायचे मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पिशव्यांत भरून आणले, ते पिण्याच्या पाण्याच्या पिंपांत विरघळवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती मग दिले. आईने मुलाला पाजायचे, नवऱ्याने बायकोला पाजायचे. जितके पाणी अंगातून जाईल तितके पुन्हा पोटात घालत राहायचे. सलाईन म्हणजे बाटली आणि सुई, अशी सर्वांची समजूत असल्यामुळे याला 'तोंडाने घ्यायचे सलाईन' म्हणून सांगण्यात आले.

तिथे मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसच्या घरात गेले होते. या उपायाने ते चारच्या खाली आले. सलाईन लावणारे हात अपुरे होते, पण मग धरणारे हात प्रत्येक रुग्णाच्या उशाशी होते. त्या हातांवर एका डॉक्टराने विश्वास टाकला, म्हणून हे घडले. आज घराघरात ठाऊक असलेल्या जलसंजीवनीला जगभर मान्यता मिळण्यात बनगावच्या त्या अनुभवाचा मोठा वाटा आहे. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

घर हेच रुग्णालय

त्याच्याही पंधरा वर्षे आधी मद्रासमध्ये वेगळाच प्रश्न उभा होता. क्षयाच्या रुग्णाला गावाबाहेरच्या आरोग्यधामात महिनोन्‌महिने ठेवायचे, भरपूर विश्रांती आणि सकस अन्न द्यायचे, अशी तेव्हाची पद्धत होती. पण देशातले क्षयरुग्ण लाखोंच्या संख्येने आणि खाटा काही हजार. मग उरलेल्यांनी करायचे काय?

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग उपचार संशोधनाचे केंद्र सुरू झाले. तिथे काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्या घरीच राहू देऊन तीच औषधे वर्षभर दिली. ही घरे काही ऐसपैस नव्हती. एका खोलीत सारे कुटुंब, जेवण बेताचे, पुष्कळांना विश्रांतीही मिळणे अवघड. तरीसुद्धा १९५९ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांनी डॉक्टरमंडळींना विचार करायला लावले. घरी राहून औषध घेणारे जवळजवळ आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे झाले होते. घरातल्या इतरांना लागण होण्याचा धोकाही घरच्या उपचारामुळे वाढला नव्हता.

मात्र एक गोष्ट विसरता येणार नाही. या रुग्णांना गोळ्या देऊन वाऱ्यावर सोडलेले नव्हते. केंद्राची माणसे घरी जात, गोळ्या मोजत, अडचणी विचारत. घर हे रुग्णालय होऊ शकते, पण त्या घराशी दवाखान्याचा धागा जुळलेला हवा, हा या प्रयोगाचा खरा धडा होता.

जामखेडच्या बायका

हा धागा गावपातळीवर कसा विणता येतो, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेले डॉक्टर दांपत्य. १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी भागात त्यांनी काम सुरू केले. त्या वेळी तिथे जन्मणाऱ्या हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. बहुतेक मृत्यू हगवण, धनुर्वात, न्यूमोनिया, कुपोषण अशा टाळता येण्याजोग्या कारणांनी होत. रुग्णालयात एक मूल बरे करून पाठवावे, तर त्याच गावातून दुसरे त्याच आजाराने यायचे.

गावात राहून काम करील असे माणूस हवे होते. शहरात शिकलेल्या नर्स खेड्यात रमत नव्हत्या आणि गावच्या बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतही नव्हत्या. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी असे ठरले. निवडल्या गेलेल्या बायकांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातल्या होत्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, नवे काही शिकत, एकमेकींचे अनुभव ऐकत आणि परत गावी जात. बाळाचे वजन कसे करायचे, गरोदर बाईत धोक्याची लक्षणे कोणती, हगवण लागली तर घरच्या घरी मीठ-साखरेचे पाणी कसे करायचे, हे त्या शिकल्या. आणि शिकलेले स्वतःपाशी न ठेवता त्यांनी ते घरोघरच्या आयांना शिकवले.

याच्या जोडीला शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. डॉक्टरांनी गावकऱ्यांना 'तुम्हाला काय हवे?' असे विचारले, तेव्हा लोकांनी औषधे मागितली नाहीत. आधी पाणी आणि अन्न मागितले. साहजिकच आरोग्याच्या कामात हातपंप आले, झाडे लावणे आले, मुलांचे जेवण आले. जातीचा प्रश्नही आला. हातपंप दलित वस्तीत बसवला की बाकीच्या गावालाही पाण्यासाठी तिथे यावेच लागे.

बालमृत्यूचे ते प्रमाण १९९०च्या दशकात हजारी ३०च्याही खाली आले होते. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातून चाललेल्या आरोग्यकार्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जामखेडचा समावेश होता. १९७८ साली अल्मा-आटा येथे जगातले देश प्राथमिक आरोग्यसेवेच्या प्रश्नावर एकत्र आले. आरोग्यसेवेच्या आखणीत आणि अंमलबजावणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे व कर्तव्यही आहे, असे तिथल्या जाहीरनाम्यात म्हटले गेले. पुढच्याच वर्षी आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ यांना १९८८ साली वॉशिंग्टनच्या एका आरोग्य परिषदेत बोलण्याची संधी मिळाली. सभागृहातल्या झुंबरांकडे पाहून त्यांनी सांगितलेला दृष्टान्त आजही आरोग्यक्षेत्रात आठवला जातो. मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे, लखलखीत पण उंच टांगलेले. आपण मात्र साधी पणती. एका पणतीने दुसरी पेटवता येते, झुंबराने ते होत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता.

शेवटच्या आजारातली सोबत

केरळमध्ये हीच वात एका अवघड ठिकाणी लागली. कर्करोग शेवटच्या अवस्थेत गेला, की 'आता काही करण्यासारखे नाही, घरी घेऊन जा' एवढेच सांगितले जाई. घरी नेल्यावर असह्य वेदना, चिघळणाऱ्या जखमा आणि घाबरलेले कुटुंब. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात वेदनाशमन आणि परिहार सेवेची संस्था सुरू झाली. परंतु दवाखान्यापर्यंत येऊच न शकणाऱ्यांचे काय, हा प्रश्न होताच. त्यातून दशकाअखेरीस शेजार-समूहांची कल्पना पुढे आली. मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार, गृहिणी आठवड्यातले काही तास काढून प्रशिक्षण घेऊ लागले. नर्सबरोबर ते रुग्णाच्या घरी जात.

या भेटीत नर्स केवळ जखम धुऊन परतत नसे. जखम कशी धुवायची, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस कशी बदलून द्यायची, वेदनेचे औषध ठरल्या वेळीच का द्यायचे, हे ती मुलाला किंवा सुनेला समोर बसवून शिकवी. 'काय करावे सुचत नाही' म्हणून रडणाऱ्या घराला काही तरी करता येऊ लागले. २००८ साली केरळ सरकारने या सेवेसाठी स्वतंत्र धोरण आखले आणि ती पंचायतींच्या कामाशी जोडली गेली.

वाटा की ओझे?

या चित्राची दुसरी बाजूही पाहायला हवी. 'कुटुंबाला सामील करून घ्या' असे म्हणणे सोपे आहे. घराघरात कुटुंब म्हणजे बहुधा एकच व्यक्ती असते. ती असते सून, बायको किंवा लग्न न झालेली मुलगी. पथ्याचे वेगळे शिजवणे, गोळ्यांची आठवण ठेवणे, रात्रीचे जागरण, सारे तिच्याच माथी येते. तिला कुणी काही शिकवत नाही, काही विचारत नाही, पण चुकले की जाब मात्र तिलाच विचारला जातो. याला सहभाग म्हणता येणार नाही. दवाखान्याने आपले ओझे तिच्या डोक्यावर उतरवले, एवढाच त्याचा अर्थ होतो.

सहभाग म्हणायचा तर तीन गोष्टी हव्यात. घरच्यांना समजेल अशा भाषेत माहिती मिळाली पाहिजे. उपचार ठरवताना त्यांची अडचण विचारात घेतली पाहिजे. आणि अडल्यावर हाक मारता येईल असे कुणी तरी जवळपास असले पाहिजे. रोज मजुरीला जाणाऱ्या माणसाला दिवसातून तीनदा घ्यायची गोळी लिहून दिली, तर दुपारची गोळी चुकणारच. 'तुम्ही कामावर कधी जाता?' हा एक प्रश्न आधी विचारला असता तर कदाचित दिवसातून एकदाच घ्यायचे औषध देता आले असते.

आणखी एक गोष्ट. आजार ज्याचा, त्याला बाजूला सारून चालत नाही. पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांच्या आजाराबद्दल मुलगाच डॉक्टरांशी बोलतो आणि आई-वडील बाकावर मुकाट बसून राहतात. तरुण मुलीच्या बाबतीत तर तिची आईच सारे सांगते. रुग्णाला काही वेळा डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे असते. ती मुभा त्याला मिळालीच पाहिजे.

आज काय उपलब्ध आहे?

गावपातळीवर काम करणाऱ्या 'आशा' कार्यकर्त्यांची योजना देशात २००५ मध्ये सुरू झाली. तिशी ओलांडलेल्यांच्या घरी जाऊन रक्तदाब, मधुमेह आणि काही कर्करोगांच्या धोक्याची विचारपूस करणे हेही आता त्यांच्या कामात येते. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे त्यांचे आताचे नाव. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्यसेविका आणि आशा मिळून काम करतात. केंद्राच्या कारभारात लोकांचा आवाज असावा म्हणून जन आरोग्य समितीची तरतूद आहे. अशा समितीच्या बैठकीत औषधांचा तुटवडा, केंद्राच्या वेळा, अडचणी मांडता येतात. पण त्यासाठी तिथे जायला हवे.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्रासह काही राज्यांच्या निवडक जिल्ह्यांत सुरू झाला आणि पुढे देशभर पसरत गेला. त्याची सूत्रे अगदी साधी आहेत. सर्वांसाठी ठरलेली मोजकी औषधे, महिनाभराच्या गोळ्या एकदम, घराजवळच्या केंद्रावर रक्तदाब मोजण्याची सोय आणि न आलेल्या रुग्णाची चौकशी. यात डॉक्टरांइतकेच काम सिस्टर आणि आरोग्यसेवक करतात.

घरच्यांसाठी काही सूचना

सोयी असोत वा नसोत, काही गोष्टी प्रत्येक घराला आजपासून करता येतील.

एक साधी वही करावी. तिच्यात तारीख, रक्तदाब किंवा साखरेचा आकडा आणि चालू असलेल्या सर्व औषधांची नावे लिहावीत. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या, काढे, चूर्णे यांचीही नोंद त्यात हवी. डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवणे धोक्याचे आहे.

दवाखान्यात जाण्याआधी दोन-तीन प्रश्न लिहून न्यावेत. समोर बसल्यावर ते हमखास विसरतात. निघताना डॉक्टरांना किंवा सिस्टरना आपल्या शब्दांत सांगावे, "म्हणजे मी ही गोळी सकाळी जेवणानंतर घ्यायची, बरोबर?" चुकीचे समजले असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होते.

बरे वाटले तरी रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी स्वतःहून बंद करू नये. वाढलेला रक्तदाब पुष्कळदा काहीच त्रास देत नाही. खर्च परवडत नसेल, गोळीने त्रास होत असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. स्वस्त पर्याय बहुधा असतो.

दिवसभरात एका माणसाच्या पोटात पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण चहाच्या चमचाभरापेक्षा कमी मीठ जावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणच्या-पापडातले मीठही त्यात आले. हे पथ्य एकट्या रुग्णाचे न ठेवता साऱ्या घराने पाळले, तर वेगळे शिजवण्याचा त्रासही वाचतो.

तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर उतारा काढत किंवा मालिश करत न बसता तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. तिथे पहिले काही तास फार मोलाचे असतात.

त्या आजी वाचल्या. घरच्यांनी उजाडायची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात नेले होते. उजव्या हातात अजून पूर्वीची ताकद नाही. सून रोज सकाळी त्यांच्याकडून बोटांचे व्यायाम करून घेते, मुलगा ऑफिसला जाण्याआधी गोळ्यांची डबी पाहतो आणि कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला एक वही टांगलेली असते. नातू आता निरोप तोंडी आणत नाही, वहीत लिहून आणतो.

गेल्या खेपेस आजींबरोबर सूनही दवाखान्यात गेली होती. डॉक्टरांनी वही चाळली, रक्तदाब मोजला आणि मान वर करून विचारले, "घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मी," सून म्हणाली.

"मग तुम्ही पुढे या. इथे खुर्चीवर बसा."